भाडे-हमीदार (युनायटेड किंग्डममधील विद्यार्थी निवास)

भाडे-हमीदार म्हणजे भाडेकरूने घरभाडे थकवल्यास किंवा भाडेकरारातील इतर अटी मोडल्यास त्याच्या वतीने घरमालकाची भरपाई करण्याची लेखी जबाबदारी पत्करणारी व्यक्ती. युनायटेड किंग्डममध्ये विद्यार्थ्यांना खासगी घर भाड्याने देताना असा हमीदार मागण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. बहुतेक वेळा आई किंवा वडील हमीदार होतात. अनेक विद्यार्थी मिळून एकच घर भाड्याने घेतात तेव्हा या हमीची व्याप्ती आपल्या मुलाच्या वाट्यापुरती न राहता संपूर्ण घराच्या भाड्यापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे विद्यार्थी निवासाच्या संदर्भात हा विषय कायदेशीर आणि कौटुंबिक अशा दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा मानला जातो.

या लेखातील कायदेशीर माहिती प्रामुख्याने इंग्लंडपुरती आहे. वेल्स आणि स्कॉटलंड येथील फरक स्वतंत्र विभागात दिले आहेत.

संज्ञा

मराठीत अशा व्यक्तीसाठी 'जामीन', 'जामीनदार' आणि 'हमीदार' हे शब्द वापरले जातात. 'जामीन' हा शब्द फौजदारी खटल्यातील सुटकेशीही जोडलेला असल्यामुळे घरभाडे आणि कर्ज यांच्या संदर्भात 'हमीदार' हा शब्द अधिक सोयीचा ठरतो. ज्या दस्तऐवजाने ही जबाबदारी स्वीकारली जाते त्यास हमीपत्र म्हणतात. स्कॉटलंडच्या कायद्यात हमीदाराला 'कॉशनर' अशी वेगळी संज्ञा असून हमीच्या व्यवहाराला 'कॉशन' म्हणतात. या शब्दाचा तेथील उच्चार मात्र 'केशन' असा होतो.

हमीदार आणि सहभाडेकरू यांत फरक आहे. सहभाडेकरूला घरात राहण्याचा हक्क असतो. हमीदाराला तसा कोणताही हक्क मिळत नाही, त्याच्याकडे केवळ दायित्व येते.

पार्श्वभूमी

ब्रिटिश विद्यापीठांत पदवीचे शिक्षण घेणारे अनेक विद्यार्थी पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतात आणि दुसऱ्या वर्षापासून मित्रमैत्रिणींसह खासगी घर भाड्याने घेतात. लीड्समधील हाईड पार्क व हेडिंग्ली, नॉटिंगहॅममधील लेंटन, बर्मिंगहॅममधील सेली ओक आणि मँचेस्टरमधील फॅलोफील्ड हे भाग अशा घरांसाठी प्रसिद्ध आहेत. पूर्वी एका कुटुंबासाठी बांधलेल्या या घरांत आता चार ते सात विद्यार्थी एकत्र राहताना आढळतात.

घरे ठरवण्याचा हंगाम लवकर सुरू होतो. पुढील जुलै किंवा सप्टेंबरपासून राहावयाच्या घरांचे करार आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासूनच केले जात. ऑक्टोबर २०२२ मध्ये डरहॅम येथे घरांच्या टंचाईमुळे विद्यार्थ्यांनी घरभाडे संस्थांच्या कार्यालयांबाहेर रात्रभर रांगा लावल्या होत्या. अशा घाईत पहिल्या सत्रात जेमतेम ओळख झालेले विद्यार्थी एकत्र करार करतात आणि त्यांचे पालक एकमेकांना न भेटताच हमीपत्रांवर सह्या करतात.

घरमालकाच्या दृष्टीने हमीदार मागण्याचे कारण सरळ आहे. विद्यार्थ्याला नियमित पगार नसतो, पूर्वी भाडे भरल्याचा किंवा कर्ज फेडल्याचा पुरावा नसतो आणि थकबाकी वसूल करण्याजोगी मालमत्ताही क्वचितच असते. त्यामुळे वसुलीसाठी दुसरी व्यक्ती बांधून घेतली जाते. हमीदार युनायटेड किंग्डममध्ये राहणारा, नोकरी किंवा निवृत्तिवेतन असलेला अथवा स्वतःच्या घराचा मालक असावा, अशी अट सहसा असते. त्याचे वार्षिक उत्पन्न मासिक भाड्याच्या तीस ते छत्तीस पट असावे असा निकष बऱ्याच घरभाडे संस्था लावतात. परदेशात राहणारा हमीदार चालत नाही, कारण त्याच्याविरुद्ध ब्रिटिश न्यायालयाचा निकाल अमलात आणणे खर्चिक व अनिश्चित असते.

संयुक्त व पृथक दायित्व

सामायिक घराचा करार दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात प्रत्येक विद्यार्थी आपापल्या खोलीसाठी स्वतंत्र करार करतो. अशा वेळी त्याचा हमीदारही त्या खोलीच्या भाड्यापुरताच बांधलेला असतो. दुसऱ्या प्रकारात सर्व विद्यार्थी मिळून एकाच करारावर सह्या करतात. हा संयुक्त भाडेकरार होय. त्यात सर्व भाडेकरू संपूर्ण भाड्यासाठी 'संयुक्तपणे व पृथकपणे' जबाबदार असतात. म्हणजेच घरमालक संपूर्ण थकबाकी सर्वांकडून मिळून मागू शकतो किंवा त्यांच्यापैकी कोणत्याही एकाकडून मागू शकतो. 'माझा वाटा मी भरला' हा बचाव घरमालकापुढे टिकत नाही.

हमीपत्रात 'भाडेकरूच्या करारान्वये असलेल्या सर्व जबाबदाऱ्यांची हमी' असे शब्द असतील, तर हमीदाराचे दायित्व भाडेकरूच्या दायित्वाइतकेच विस्तृत होते. मुलगा संपूर्ण भाड्याला बांधलेला असल्याने त्याची आई किंवा वडीलही संपूर्ण भाड्याला बांधले जातात.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. पाच विद्यार्थ्यांनी बारा महिन्यांच्या ठरावीक मुदतीसाठी दरमहा २,५०० पौंड भाड्याचे घर संयुक्तपणे घेतले. प्रत्येकाचा वाटा ५०० पौंड आहे. सहा महिन्यांनंतर एकाने शिक्षण सोडले आणि वाटा भरणे थांबवले. उरलेल्या सहा महिन्यांत ३,००० पौंडांची तूट येते. ही रक्कम घरमालक त्या विद्यार्थ्याकडून किंवा त्याच्या हमीदाराकडून मागेलच असे नाही. उरलेल्या चौघांपैकी कोणाकडूनही किंवा त्यांच्या हमीदारांपैकी कोणाकडूनही तो ती मागू शकतो. व्यवहारात जो पालक सहज सापडतो आणि ज्याची ऐपत आहे त्याच्याकडे प्रथम मागणी होण्याचा संभव असतो. प्रत्येक हमीदाराचे कमाल संभाव्य दायित्व या घरात वर्षाला ३०,००० पौंड होते, तर आपल्या मुलाच्या वाट्यापुरती हमी दिली असती तर ते ६,००० पौंड राहिले असते.

भाड्याखेरीज घराच्या नुकसानीची भरपाई आणि करारात नमूद असल्यास वसुलीचा वाजवी खर्चही हमीच्या कक्षेत येऊ शकतो. बैठकीच्या खोलीतील गालिचा कोणी जाळला हे सिद्ध होऊ शकत नसले, तरी संयुक्त करारात सर्वांचे दायित्व कायम राहते.

मर्यादित हमी

हमीपत्राचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेला नाही. तो दोन पक्षांच्या संमतीने बदलता येतो. त्यामुळे पालक सही करण्यापूर्वी पुढील मर्यादा घालून मागू शकतात :

* हमी फक्त नमूद केलेल्या विद्यार्थ्याच्या भाड्याच्या वाट्यापुरती असणे.
* एकूण रकमेची कमाल मर्यादा पौंडांत लिहिलेली असणे.
* हमीची मुदत ठरावीक तारखेपर्यंत असणे.
* नुकसानभरपाई त्या विद्यार्थ्याने केलेल्या नुकसानीपुरती असणे.
* थकबाकी झाल्यास ठरावीक दिवसांत हमीदाराला कळवण्याचे बंधन घरमालकावर असणे.

अशी मागणी मान्य करण्याचे बंधन घरमालकावर नाही. काही घरमालक आणि घरभाडे संस्था वाट्यापुरती हमी स्वीकारतात. ज्या शहरांत घरांची टंचाई तीव्र आहे तेथे पालकांना वाटाघाटीस वाव कमी मिळतो.

कायदेशीर औपचारिकता

इंग्लंडमध्ये तोंडी दिलेली हमी न्यायालयात अमलात आणता येत नाही. 'स्टॅच्यूट ऑफ फ्रॉड्स' या १६७७ च्या कायद्याचे चौथे कलम आजही लागू असून त्यानुसार हमी लेखी असणे किंवा तिची लेखी नोंद असणे आणि त्यावर हमीदाराची अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असणे आवश्यक आहे.

लेखी म्हणजे केवळ कागदावर असे मात्र नाही. 'गोल्डन ओशन विरुद्ध साळगावकर मायनिंग इंडस्ट्रीज' या २०१२ च्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ईमेलच्या मालिकेतून झालेली हमी ग्राह्य धरली. ईमेलच्या शेवटी टंकलिखित केलेले नाव सही म्हणून पुरेसे ठरू शकते, असे या निकालात म्हटले आहे. हा खटला जहाजाच्या भाडेकराराविषयी होता आणि त्यातील एक पक्ष गोव्यातील खाण कंपनी होती. परंतु त्यातील तत्त्व घरभाड्याच्या हमीलाही लागू पडते. संगणकाच्या पडद्यावर एका कळीने केलेली सही गांभीर्याने घ्यावी लागते, ती यामुळेच.

साध्या करारासाठी दोन्ही बाजूंनी काहीतरी मोबदला, म्हणजे प्रतिफल, असावे लागते. भाडेकरार पूर्ण झाल्यानंतर काही दिवसांनी हमीपत्र घेतले तर प्रतिफल नसल्याच्या कारणावरून त्यास आव्हान मिळू शकते. ही अडचण टाळण्यासाठी बरीच हमीपत्रे विलेखाच्या स्वरूपात केली जातात. विलेखाला प्रतिफलाची गरज नसते. मात्र १९८९ च्या मालमत्ताविषयक कायद्यानुसार विलेखावरील सही साक्षीदारासमक्ष व्हावी लागते आणि साक्षीदारानेही सही करावी लागते.

२०१९ च्या 'टेनंट फीज ॲक्ट'नुसार १ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये भाडेकरूप्रमाणेच हमीदाराकडूनही कागदपत्रे तपासण्याचे किंवा हमीपत्र करण्याचे शुल्क घेता येत नाही. याच कायद्याने अनामत रकमेवर मर्यादा घातली. वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असल्यास पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. हमीदार असला तरी ही मर्यादा बदलत नाही.

हमीदाराचे हक्क व सुटका

हमीदाराने थकबाकी भरल्यास ती रक्कम मूळ भाडेकरूकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. एकाच ऋणासाठी अनेक हमीदार असतील तर एकाने अधिक भार उचलल्यावर इतरांकडून त्यांचा वाटा मागता येतो. 'डेरिंग विरुद्ध अर्ल ऑफ विंचेल्सी' या १७८७ च्या खटल्यात हे तत्त्व प्रस्थापित झाले. तेथे हमीदारांनी वेगवेगळ्या दस्तांनी हमी दिली होती, तरीही त्यांनी भार समान वाटून घ्यावा असे ठरले. प्रत्यक्षात हा हक्क बजावणे म्हणजे आपल्या मुलाच्या मित्राच्या आईवडिलांवर दावा लावणे, आणि त्यामुळे अनेक कुटुंबे ते टाळतात.

हमीदाराच्या संमतीवाचून मूळ करारात बदल झाल्यास हमीदार मुक्त होऊ शकतो. या नियमाचा आधार 'होम विरुद्ध ब्रन्स्किल' हा १८७८ चा खटला आहे. शेत भाड्याने घेणाऱ्या शेतकऱ्याने मेंढ्यांचा कळप सुस्थितीत परत करावा यासाठी तेथे एकाने हमी दिली होती. पुढे मालक व शेतकरी यांनी हमीदाराला न विचारता जमिनीचा एक तुकडा परत घेऊन भाडे १० पौंडांनी कमी केले. बदल क्षुल्लक आहे की नाही हे उघड नसेल तर त्याचा निर्णय हमीदारानेच करावयाचा, असे सांगून अपील न्यायालयाने हमीदाराला मुक्त केले. सामायिक घरात एक विद्यार्थी जाऊन त्याच्या जागी दुसरा येतो, तेव्हा नवा करार झाला की जुन्यातच बदल झाला हा प्रश्न या तत्त्वामुळे महत्त्वाचा ठरतो. आधुनिक हमीपत्रांत 'करारात बदल झाला तरी हमी कायम राहील' असे कलम घालून घरमालक हा मार्ग अरुंद करतात.

मुदत संपल्यानंतर विद्यार्थी त्याच घरात राहत असेल तर जुनी हमी पुढे चालू राहते की नाही, हे हमीपत्रातील शब्दांवर अवलंबून असते. एकदा दिलेली हमी हमीदाराला केवळ मन बदलले म्हणून सहसा मागे घेता येत नाही.

थकबाकीच्या दाव्यात न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि रक्कम महिन्याच्या आत भरली नाही, तर त्याची नोंद सहा वर्षे सार्वजनिक नोंदवहीत राहते. अशा नोंदीमुळे हमीदाराला पुढे गृहकर्ज मिळणे कठीण होऊ शकते.

२०२५ चा कायदा

'रेंटर्स राइट्स ॲक्ट' या कायद्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजसंमती मिळाली. इंग्लंडमधील खासगी भाडेकरारांविषयीच्या त्याच्या मुख्य तरतुदींसाठी १ मे २०२६ हा दिवस ठरवण्यात आला. या तरतुदींनी ठरावीक मुदतीचे भाडेकरार रद्द होऊन सर्व करार मुदतविरहित होतात आणि भाडेकरू दोन महिन्यांची सूचना देऊन घर सोडू शकतो. संयुक्त करारात एका भाडेकरूने दिलेली सूचना सर्वांचा करार संपवते.

याचा हमीदारावर दुहेरी परिणाम होतो. वर्षभराच्या भाड्याला बांधले जाण्याची जोखीम घटते, कारण एखादा विद्यार्थी निघून गेल्यास करार संपवण्याचा मार्ग उपलब्ध असतो. मात्र एका सहनिवाशाच्या सूचनेमुळे उरलेल्यांचे घर परीक्षेच्या तोंडावर जाण्याची शक्यताही निर्माण होते. त्यांना राहावयाचे असल्यास घरमालकाशी नवा करार करावा लागतो आणि त्याबरोबर नवे हमीपत्रही येते.

भाडेकरूचा मृत्यू झाल्यास त्याच्या कुटुंबातील हमीदारावर मृत्यूनंतरच्या काळातील भाड्याची जबाबदारी राहू नये, अशी तरतूद या कायद्यात आहे. अपत्य गमावलेल्या पालकाकडे उरलेल्या मुदतीचे भाडे मागितले जाऊ नये, हा तिचा हेतू आहे.

करारावर सही होण्यापूर्वी आगाऊ भाडे घेण्यास आणि त्यानंतरही एका महिन्याहून अधिक भाडे आगाऊ मागण्यास या कायद्याने मनाई केली. पूर्ण वेळ विद्यार्थी राहत असलेली सामायिक घरे पुढील विद्यार्थ्यांसाठी रिकामी करून घेता यावीत म्हणून घरमालकांना १ जून ते ३० सप्टेंबर या काळासाठी स्वतंत्र आधार दिला आहे. करार राहावयास येण्याच्या सहा महिन्यांहून अधिक आधी केला असेल तर हा आधार वापरता येत नाही. त्यामुळे नोव्हेंबरात करार करण्याची घाई कमी होईल अशी अपेक्षा आहे. मान्यताप्राप्त संहितेखाली चालणारी, खास विद्यार्थ्यांसाठी बांधलेली मोठी निवासस्थाने या नव्या व्यवस्थेतून वगळली आहेत. तेथे ठरावीक मुदतीचे करार चालू राहतात.

हमीदार मागण्यावरच निर्बंध घालावेत अशी सूचना विधेयकाच्या चर्चेदरम्यान पुढे आली होती, परंतु तिचा कायद्यात समावेश झाला नाही.

वेल्स आणि स्कॉटलंड

वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून 'रेंटिंग होम्स (वेल्स) ॲक्ट २०१६' लागू आहे. त्याखालील मुदतविरहित करारातून एक सहभाडेकरू विहित सूचना देऊन बाहेर पडू शकतो आणि इतरांचा करार कायम राहतो. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २०१७ पासून सुरू झालेल्या खासगी निवासी करारांना शेवटची तारीख नसते. तेथे संयुक्त करार संपवण्यासाठी सर्व भाडेकरूंची संमती लागते. हमीदाराचे दायित्व या मूळ करारावर आधारलेले असल्याने प्रत्येक प्रदेशात त्याचा कालावधी वेगळा ठरू शकतो.

हमीदार नसलेले विद्यार्थी

कुटुंबापासून दुरावलेले, बालगृहात किंवा पालक-कुटुंबात वाढलेले, तसेच ज्यांच्या पालकांचे उत्पन्न कमी आहे असे विद्यार्थी या पद्धतीत अडचणीत येतात. भाडे भरण्याची क्षमता असूनही केवळ हमीदार नसल्यामुळे त्यांना घर नाकारले जाऊ शकते. या कारणास्तव विद्यार्थी संघटना आणि निवारा क्षेत्रातील संस्थांनी या पद्धतीवर टीका केली आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनसारख्या काही विद्यापीठीय संस्थांनी पात्र विद्यार्थ्यांसाठी स्वतः हमीदार होण्याची योजना राबवली आहे. याशिवाय शुल्क घेऊन हमी देणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत. विद्यार्थ्याने भाडे थकवल्यास अशी कंपनी घरमालकाला रक्कम देते आणि नंतर ती विद्यार्थ्याकडून वसूल करते. म्हणून हे शुल्क भरणे म्हणजे विमा उतरवणे नव्हे.

परदेशी विद्यार्थ्यांनी हमीदाराअभावी सहा किंवा बारा महिन्यांचे भाडे एकदम भरण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढेही हेच दोन पर्याय असत : शैक्षणिक कर्जातून मोठी रक्कम आगाऊ भरणे, किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मामा, काका अथवा परिचितांना गळ घालणे. नव्या कायद्याने इंग्लंडमधील पहिला पर्याय बहुतांशी बंद झाल्याने दुसऱ्या पर्यायावरील आणि हमी कंपन्यांवरील भार वाढणे संभवते. नातेवाइकाने भिडेपोटी दिलेली सहीही कायद्याच्या दृष्टीने पालकाच्या सहीइतकीच बंधनकारक असते. विद्यार्थ्याच्या मित्रांनी थकवलेले भाडेही तिच्या कक्षेत येऊ शकते.

भारतीय कायद्याशी तुलना

भारतात हमीचे करार 'भारतीय करार अधिनियम, १८७२' या कायद्याच्या कलम १२६ ते १४७ अन्वये नियंत्रित होतात. कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर हमीदाराचे दायित्व मूळ ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते. संमतीवाचून करारात बदल झाल्यास त्यानंतरच्या व्यवहारांपुरती हमीदाराची सुटका होते (कलम १३३) आणि सहहमीदारांनी भार समान वाटून घ्यावयाचा असतो (कलम १४६). ही तत्त्वे इंग्लंडच्या कायद्याशी मिळतीजुळती आहेत. मोठा फरक असा की, कलम १२६ नुसार भारतात हमी तोंडी किंवा लेखी असू शकते.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना घर देताना हमीदारापेक्षा अनामत रकमेवर भर दिला जातो आणि व्यवहार सहसा 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने होतो. मराठी कुटुंबांना हमीदाराची ओळख प्रामुख्याने बँका आणि पतसंस्था यांच्या कर्जव्यवहारांतून असते. तेथे हमीची रक्कम आणि ऋणको निश्चित असतो. ब्रिटनमधील सामायिक घराच्या हमीत मात्र अनेक अनोळखी तरुणांच्या वर्तनाची जोखीम एकाच सहीत सामावलेली असू शकते.

हे सुद्धा पहा

* भारतीय करार अधिनियम, १८७२
* भाडेकरार
* अनामत रक्कम
* शैक्षणिक कर्ज
* महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९